हातमोज्यातला हात

बाल्टिमोरमधल्या एका रस्त्याकडेच्या गटाराची जाळी. तिच्यावर काही वस्तू अडकून पडल्या आहेत : कामावर घालतात तसला मोठा काळा प्लास्टिकचा हातमोजा, ओकच्या परागांचा दाट थर, अंगावर ओरखडाही नसलेला मेलेला उंदीर, बाटलीचं पांढरं झाकण, लाकडाची गुळगुळीत काडी. जेन बेनेट तिथे थबकतात. हा नुसता कचरा नाही, आपल्याला थांबवण्याची, हलवून सोडण्याची ताकद या वस्तूंत आहे, असं त्यांना जाणवतं. त्यांच्या ‘व्हायब्रंट मॅटर’ (२०१०) या पुस्तकाच्या सुरुवातीलाच हे दृश्य येतं.

अमेरिकेत शिकत असताना राजकीय सिद्धांताच्या सेमिनारमध्ये आम्हांला हे पुस्तक होतं. टेबलाभोवती दहा-बारा जण, आठवड्याला एक पुस्तक, तीन तास चर्चा. तोवर हॉब्ज, रूसो, आरेंट झाले होते; राजकारण म्हणजे माणसांनी माणसांशी केलेला व्यवहार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बेनेट आल्या आणि खोलीत एकदम वस्तूंची गर्दी झाली. ‘असेम्ब्लाज’ हा शब्द किती वेळा उच्चारला जातो, हे मी वहीच्या कडेला रेघा मारून मोजत होतो. सतरानंतर नाद सोडला.

माझी अडचण भाषेची होती. ‘मॅटर’ला मनातल्या मनात ‘जड’ म्हटलं, की गाडी अडे. जड म्हणजे वजनदार आणि जड म्हणजे अचेतनही. तेच चैतन्यमय म्हणायचं, तर शब्दच उलटतो. आणि तरीही, खंडेनवमीला पान्हे-करवतींना झेंडू वाहणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला वस्तूंची शक्ती ही काही बातमी नव्हे. वर्गात एवढं सांगितलं असतं, तर माझा भाव वाढला असता. पण तेवढंच सांगणं खोटेपणाचं झालं असतं. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचं पाणी प्यायले; नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. स्पर्शाने बाटणारं आणि उलट माणसाला बाटवणारं हे पाणी बेनेट यांच्या कुठल्याही वस्तूइतकंच ‘व्हायब्रंट’ होतं. वस्तू जिवंत मानल्या की आपण कमी उद्दाम, कमी विध्वंसक होऊ, ही बेनेट यांची आशा आहे. महाडचं तळं समोर ठेवलं की ती आशा आपोआप फळत नाही, एवढं तरी दिसतं. पदार्थाला शक्ती आहे की नाही, या प्रश्नाइतकाच ती शक्ती कोण ठरवतो आणि कोणाविरुद्ध वापरतो, हा प्रश्न मोठा आहे. गटारावरचा हातमोजा कामाचा होता. त्यातला हात कोणाचा, इकडे बेनेट वळत नाहीत.

पुस्तकाची खरी परीक्षा होते ती विजेच्या प्रकरणात. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ऑन्टारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे पाच कोटी माणसांची वीज गेली. बेनेट यांच्या मते इथे ‘कर्ता’ एक नाही. तारा, झाडं, संगणक, नियम, नफ्याची ओढ आणि खुद्द वीज यांच्या जुळणीने हे घडवलं. ‘रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर’बद्दलचा भाग तर फारच चांगला. व्होल्टेज टिकवायला ती लागते, पण तिच्यात कमाई नाही. म्हणून बाजार खुला झाल्यावर ती पुरेशी निर्माण करण्यात कंपन्यांना रस उरला नाही.

इथे मी अडखळलो. दोषी कोण, याचा एवढा ठळक धागा हाती आलेला असताना बेनेट तो इतर धाग्यांत मिसळून टाकतात. त्या बेसावध नाहीत. एकाच कोणावर सगळा दोष टाकायला आपण कचरतो, हे त्या उघड सांगतात. घातक जुळणीतून आपण बाहेर पडावं का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं, असं सुचवतात. पण बाहेर पडण्याची सोय असते कोणाला? लिफ्टमध्ये अडकलेल्याला नक्कीच नसते. सरकारी चौकशीच्या अहवालाने मात्र स्पष्ट लिहिलं : ओहायोतल्या कंपनीने तारांखालची झाडं छाटली नव्हती आणि तिच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बंद पडल्याचं तिथल्या माणसांना कळलंच नाही. न छाटलेलं झाड हे झाडाचं कर्तेपण, की वाचवलेला खर्च?

हे मी जरा तावातावाने वर्गात मांडलं. आमच्या प्राध्यापिका शांतपणे म्हणाल्या, ‘‘ठीक. आता झाडं आणि सॉफ्टवेअर वगळून, फक्त माणसांना कर्ते धरून तो दिवस दोन पानांत लिहून आण.’’

आठवडाभर प्रयत्न केला. प्रत्येक मसुद्यात तिसऱ्या-चौथ्या वाक्याला एखादी फांदी तारेला टेकतच होती. शेवटी तसाच कागद नेऊन दिला.