सूरजागड आणि मराठी वाङ्मयातील हानीची भाषा

आदिवासी जीवनासंबंधीच्या मराठी वाङ्मयाची चर्चा करताना वेदना, विद्रोह आणि अस्मिता ही तीन पदे बहुधा एका दमात उच्चारली जातात, आणि त्यामुळे ती परस्परांना पर्यायी आहेत अशी समजूत दृढ होत जाते. वस्तुतः काय गमावले गेले, गमावल्यानंतरही काय तगून राहिले, आणि जे तगले त्याला कोणत्या नावाने ओळखावयाचे, हे तीन प्रश्न भिन्न आहेत. त्यांची उत्तरे कादंबरी एका रीतीने देते, कविता दुसऱ्या रीतीने. आणि ज्यांच्या जीवनाविषयी हे सारे लिहिले जाते त्यांचे मौखिक वाङ्मय तिसऱ्याच रीतीने देते. हा भेद सामान्य विधानांतून स्पष्ट होत नाही. त्यासाठी एखादी विशिष्ट भूमी डोळ्यांसमोर ठेवावी लागते. सूरजागडचा डोंगर हे त्या दृष्टीने अत्यंत उचित, आणि तितकेच अडचणीचे, उदाहरण आहे.

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्याच्या एटापल्ली तालुक्यात हा डोंगर येतो. जुन्या चांदा जिल्ह्यातील जमीनदाऱ्यांत सूरजागड ही एक जमीनदारी होती. त्याच मुलखात १८५८ साली बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी चांदा येथे ते फासावर गेले. परिसरातील माडिया गोंडांच्या दृष्टीने या डोंगराचे महत्त्व मात्र इतिहासाहून वेगळे आहे. तेथे ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि दरवर्षी जानेवारीत त्याची यात्रा भरते. डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे. २००७ साली त्याच्या उत्खननाचा पट्टा दिला गेला, २०१६ च्या सुमारास काम सुरू झाले, त्या वर्षाच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तेथील सत्तरांहून अधिक वाहने जाळली, आणि २०२१ नंतर उत्खनन मोठ्या प्रमाणावर पुन्हा चालू झाले. देवस्थान आणि खाण एकाच डोंगरावर आहेत, ही वस्तुस्थिती वाङ्मयविचाराच्या दृष्टीने मूलभूत ठरते.

मूलभूत अशासाठी की, मराठी कादंबरीने हानीचे जे व्याकरण सिद्ध केले आहे ते येथे अपुरे पडते. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९२ चा साहित्य अकादेमी पुरस्कार तिला मिळाला. धरणग्रस्तांच्या विस्थापनाचे इतके सविस्तर चित्र मराठीत तत्पूर्वी आलेले नव्हते. परंतु त्या कादंबरीतील हानी मोजता येण्याजोगी आहे. जमीन किती गेली, तिच्या बदल्यात किती मिळाली, मोबदला कोणी खाल्ला, कागद कोणत्या कचेरीत अडला, या प्रश्नांच्या आधारे तिचे कथानक उभे राहते. अन्यायाचे मूळ हिशेबातील लबाडीत आहे. हिशेब प्रामाणिक असता तर दुःख पुष्कळच कमी झाले असते, असे मानावयास ती कादंबरी वाचकाला मुभा देते. शेतकरी समाजाच्या जीवनाशी हे सुसंगतच आहे, कारण तेथे सातबाऱ्याचा उतारा हा अस्तित्वाचा पुरावा असतो. ज्या समाजाने डोंगर स्वतःच्या नावावर कधी लावला नाही, उलट स्वतःलाच डोंगराच्या नावाने ओळखले, त्याच्या हानीला हे माप लागू पडत नाही. ‘माडिया’ या नावाचा संबंध ‘माड’ म्हणजे डोंगराळ रान याच्याशी जोडला जातो, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

या भूमीच्या सर्वांत निकट जाणारी मराठी कादंबरी म्हणजे विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात लेखकाने दीर्घकाळ काम केले असल्यामुळे या कादंबरीला एक प्रकारचे साक्षीचे मूल्य आहे. जंगलखात्याचा कर्मचारी, ठेकेदार, पोलीस आणि शस्त्रधारी दल यांच्यामध्ये सापडलेल्या माडिया तरुणाची ही कथा आहे. तिचे यश तपशिलात आहे. भूक, रानातील अन्न, वनकर्मचाऱ्यासमोर होणारी शरीराची आकसलेली हालचाल या गोष्टी ज्याने जवळून पाहिल्या आहेत त्यालाच अशा लिहिता येतात. तिची मर्यादा रचनेत आहे, आणि ती शीर्षकापासूनच सुरू होते. शेवट आधीच सांगितला गेल्यामुळे प्रत्येक प्रसंग त्या शेवटाचे कारण म्हणून वाचला जातो. गोटूल, सण, विवाह, मृत्यू हे सारे कार्यकारणाच्या साखळीतील दुवे होऊन बसतात; स्वयंपूर्ण जीवन म्हणून त्यांना उभे राहण्यास अवकाश कमी मिळतो. वाचकाला माडिया मनुष्य समजतो तो मुख्यतः त्याच्यावर झालेल्या अन्यायाच्या द्वारे. अन्याय नसता तर हा मनुष्य कसा होता, या प्रश्नाकडे कादंबरी वळते, परंतु तेथे रेंगाळत नाही.

हा दोष एकट्या मराठी लेखकाचा नाही. गोपीनाथ महांती यांची ‘परजा’ ही ओडिया कादंबरी १९४५ ची. तीतही वनरक्षक आणि सावकार यांच्या कचाट्यात एक कुटुंब उद्ध्वस्त होते आणि अखेर सावकाराची हत्या घडते. परंतु महांती यांनी विनाशापूर्वीच्या जीवनाला इतकी जागा दिली आहे की, काय नष्ट झाले हे वाचकाला निराळे सांगावे लागत नाही. महाश्वेतादेवी यांच्या ‘अरण्येर अधिकार’ या कादंबरीची गोष्ट आणखी वेगळी. बिरसा मुंडा यांच्या उठावावरील त्या कादंबरीला १९७९ साली साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. तेथे नायक ऐतिहासिक असल्यामुळे व्यक्तीची हानी समाजाच्या स्मृतीत परिवर्तित होते. मराठीत शेडमाके यांच्यासारखे चरित्र उपलब्ध असताना त्या तोडीची कादंबरी निर्माण होऊ नये, ही उणीव कोणत्याही सहृदय अभ्यासकाला खटकावी.

कवितेकडे वळले असता चित्र पालटते. तेथे बोलणारा स्वतः आदिवासी आहे. भद्रावती येथे १९७९ साली भरलेल्या आदिवासी साहित्य संमेलनानंतर चंद्रपूर-यवतमाळच्या भागातून जी पिढी लिहू लागली, तिने ‘वनवासी’ हे नाव नाकारून ‘आदिवासी’ हे नाव आग्रहाने धारण केले. विनायक तुमराम यांचा ‘गोंडवन पेटले आहे’ हा संग्रह १९८७ चा. भुजंग मेश्राम यांचा ‘उलगुलान’ १९९० चा. उषाकिरण आत्राम यांनी गोंडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिले. या कवींनी मराठी काव्याला एक नवा वक्ता दिला. तो दयेची याचना करीत नाही, आपली ओळख करून देण्याचेही त्याला अगत्य नाही. तुमराम यांच्या शीर्षकातील ‘गोंडवन’ हा शब्दच पाहावा. त्यात अरण्य आहे आणि गोंडांचे गतकालीन राज्यही आहे. त्यामुळे पेटणे ही क्रिया नाशाची आणि जागृतीची अशी दुहेरी होते. मेश्राम यांचे सामर्थ्य निराळ्या ठिकाणी आहे. निरनिराळ्या आदिवासी बोलींतील शब्द ते मराठी वाक्यात तळटीप न देता आणून बसवितात आणि मराठी वाचकाला क्षणभर परका करून सोडतात. स्वतःच्याच भाषेत अडखळण्याचा हा अनुभव प्रमाणभाषेच्या वाचकाला क्वचितच येतो. मराठी शाळेच्या पहिल्या दिवशी माडिया मुलाला तो येत आला आहे.

मात्र येथेही एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. ‘उलगुलान’ हा शब्द मुंडारीतून आला आहे आणि १८९९-१९०० च्या छोटा नागपुरातील उठावाशी तो निगडित आहे. बिरसा, एकलव्य, शंबूक ही आदिवासी आणि दलित काव्यांत वारंवार येणारी प्रतीकेही सूरजागडच्या परिसरातील नव्हेत. ‘नक्षलवादी’ हे पद तर १९६७ साली उत्तर बंगालमधील एका खेड्याच्या नावावरून सिद्ध झाले. म्हणजे सहानुभूतीने लिहिणारी कादंबरी आणि स्वाभिमानाने लिहिणारी कविता या दोहोंनीही या भूमीला नाव देताना ते दुरून आणले. यामागील कारणे उघड आहेत. विखुरलेल्या जमातींना एक व्यापक ओळख हवी होती आणि ती एकाच खोऱ्यातील शब्दांतून निर्माण होणे शक्य नव्हते. परंतु व्यापकतेची किंमत स्थानिकतेने मोजली. ‘आदिवासी’ हा जितका ठळक झाला, तितका ‘माडिया’ पुसट झाला. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून शासनाच्या यादीत आहेत. त्यांपैकी माडियांचा स्वतःचा आवाज मराठी काव्यसंग्रहांत अद्याप फारच क्षीण आहे.

तो आवाज अन्यत्र आहे. रेला गीतांत मुख्य गायकाची ओळ समूह उचलून धरतो आणि ‘रेला’ या ध्रुपदाने तिला पुन्हा पुन्हा वर्तुळात आणतो. अशा गीताला निश्चित कर्ता नसतो, आणि त्याची अंतिम संहिताही नसते. मर्ढेकरांच्या लयविचारावर वाढलेल्या समीक्षकाला याचे अगत्य वाटावयास हवे होते. परंतु लयीचा शोध घेताना ती समीक्षा छापील पानाबाहेर फारशी गेली नाही, हे नमूद करावेसे वाटते. मृतांसाठी उभारलेले स्मृतिशिळांचे दगड हीदेखील माडियांची एक संहिताच आहे. ती अक्षरांत नाही, पण कोणाचा दगड कोणता हे गावाला पाठ असते. हानी आणि स्मृती यांचे हे दोन मार्ग परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत. गीत दर वेळी नवे होऊन टिकते, तर दगड जागेवरून हलत नाही म्हणून टिकतो. खाणीचा आघात मुख्यतः दुसऱ्यावर होतो. गीत घेऊन दुसऱ्या गावी जाता येते. दगड आणि डोंगर नेता येत नाहीत. म्हणूनच अशा भूमीतील हानीचे वर्णन ‘विस्थापन’ या एका शब्दाने होत नाही. माणसे जागच्या जागी राहिली आणि जागाच गेली, तर त्या अवस्थेला मराठीत रूढ असे नाव नाही.

भाषेचा प्रश्न याहून कठीण आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक भरली, तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गोंडीचा समावेश झालेला नाही. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी रचली होती, आणि तेलंगणातील गुंजाळा येथे जुनी हस्तलिखिते मिळाल्यावर दुसऱ्या एका लिपीची माहिती पुढे आली. पण गडचिरोलीचे मूल लिहावयास शिकते ते प्रायः देवनागरीत आणि मराठीत. या मुलाने उद्या कविता लिहिली तर ती कोणत्या भाषेतील म्हणावी, हा विभागांच्या अभ्यासक्रमसमित्यांपुढचा प्रत्यक्ष प्रश्न आहे. तिला मराठीत सामावून घेणे हे औदार्य, की आणखी एक हस्तांतर?

या प्रश्नाला अंशतः प्रकाश देणारी एक गोष्ट डोंगरावरच आहे. गोंडीत देवाला ‘पेन’ म्हणतात. ‘ठाकूर’ आणि ‘देव’ हे दोन्ही शब्द मात्र आर्य भाषाकुळातील आहेत. ज्या नावाने सूरजागडचे दैवत बाहेरच्या जगाला माहीत झाले ते नाव, अशा रीतीने, आधीच एक भाषांतर आहे. ते केव्हा आणि कोणी केले हे या चर्चेपुरते गौण होय. उसन्या नावाखाली पूजा माडियांचीच राहिली आणि यात्राही त्यांचीच राहिली. मेश्राम यांनी मुंडारी शब्द आपल्या संग्रहाच्या माथ्यावर ठेवला त्या कृतीकडेही या दृष्टीने पुन्हा पाहावे लागते. दुरून आणलेला शब्द स्थानिकतेला पुसून टाकतो असे वर म्हटले आहे. परंतु पारध्यापासून पिलू लपवावे तसा तो कधी कधी तिला झाकूनही धरतो. कोणत्या कवितेत पहिली गोष्ट घडली आणि कोणत्या कवितेत दुसरी, याचा निर्णय एकेका संहितेच्या बारकाईच्या वाचनातूनच व्हावयाचा आहे, आणि त्यासाठी वाचणाऱ्याला थोडी तरी माडिया येणे आवश्यक आहे.