बोटाने गिरवलं म्हणून लक्षात राहिलं?

अध्ययन अक्षमतेवर पीएच.डी. करायला निघालेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक रचना हमखास दिसते. एका गटाला ‘बहुसंवेदी पद्धत’, दुसऱ्याला ‘पारंपरिक पद्धत’, मग पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी. पहिल्या गटाचे गुण वाढले की निष्कर्ष तयार! माझा आक्षेप या रचनेवरच आहे.

डिस्लेक्सियासाठीची ऑर्टन-गिलिंगहॅम पद्धत घ्या. न्यूरॉलॉजिस्ट सॅम्युएल ऑर्टन यांच्या विचारांवरून ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेत ती बांधली. मूल अक्षर बघतं, त्याचा ध्वनी उच्चारतं, बोटाने ते गिरवतं. पण पद्धत तेवढ्यावर थांबत नाही. ध्वनी आणि अक्षर यांचं नातं उघड करून शिकवणं, सोप्याकडून अवघडाकडे जाणारा ठरलेला क्रम, भरपूर उजळणी, हे सगळं त्यात आहे. मग मूल सुधारलं ते नक्की कशामुळे? स्पर्शामुळे की क्रमामुळे?

एलिझाबेथ स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये या पद्धतीवरच्या अभ्यासांचं मेटा-ॲनालिसिस केलं. मूलभूत वाचनकौशल्यांवर सरासरी इफेक्ट साइझ ०.२२ आला, पण तो सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. याचा अर्थ ‘पद्धत फसली’ असा लावू नका. हाती असलेल्या पुराव्यावरून खात्रीने सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि स्पर्शाचा वाटा किती, हा प्रश्न तर त्यातूनही सुटत नाही.

तो सोडवायचा कसा, हे फ्लोरेन्स बारा आणि सहकाऱ्यांच्या २००४च्या फ्रेंच अभ्यासात दिसतं. ध्वनींचे व्यायाम सगळ्या गटांना सारखेच, फक्त एका गटाने उठावाची अक्षरं बोटांनी चाचपली. त्या गटाचं डीकोडिंग जास्त सुधारलं. रचना स्वच्छ आहे. मात्र ती बालवाडीच्या वयाची मुलं होती, अक्षमतेचं निदान झालेली नव्हेत. तेव्हा हा निष्कर्ष उचलून थेट आपल्या नमुन्याला चिकटवता येणार नाही.

मराठी शाळेत आणखी एक पेच आहे. धूळपाटीपासून आपल्याकडे अक्षर शिकायचं म्हणजे गिरवायचंच. मग तुमचा ‘पारंपरिक’ गटही गिरवतोच की! दोन गटांत फरक उरला कुठे?

म्हणून गाइडकडे जाण्याआधी एवढं ठरवा: दोन्ही गटांना तोच क्रम, तेवढीच मिनिटं, शक्यतो तोच शिक्षक; फरक फक्त स्पर्शाचा. आणि दावा स्मरणाचा असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या. दुसऱ्या दिवशीचे गुण म्हणजे स्मरण नव्हे.

हा काटेकोरपणा व्हायव्हापुरता नाही. चुकीचं श्रेय स्पर्शाला गेलं, तर शाळा सँडपेपरची अक्षरं आणेल आणि ध्वनी क्रमाने शिकवणं सोडून देईल. वर्ष वाया जाईल ते त्या मुलाचं.