तुरो-तुरो

मराठी घरात मनिलाचे नाव प्रथम शिरले ते मॅगसेसे पुरस्काराचे बोट धरून. १९५८ साली, पुरस्कार सुरू झाला त्याच वर्षी, तो विनोबांना मिळाला. पुढच्या वर्षी चिंतामणराव देशमुखांना. पुढे बाबा आमटे झाले, पांडुरंगशास्त्री झाले. सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी ही नावे मी दरवर्षी मुलांकडून घोकून घेतो. परंतु ज्या गावी हा सन्मान दिला जातो, त्या गावची माणसे दुपारी काय जेवतात, असा प्रश्न मुलांनी कधी विचारला नाही आणि पुस्तकानेही नाही.

ज्यांनी तो विचारला त्यांची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. मनिलाच्या रस्त्यावरील खाण्याविषयी परदेशी मंडळी जे लिहितात आणि चित्रफितींतून दाखवतात, त्यात बहुतेक जागा एकटे 'बालुत' अडवून बसलेले असते. बालुत म्हणजे काही दिवस उबवून मग उकडलेले बदकाचे अंडे. आत पिल्लू आकार घेऊ लागलेले असते. पाहुणा डोळे मिटतो, घास गिळतो, मित्र टाळ्या वाजवतात. याला अन्नाची समीक्षा म्हणत नाहीत, सर्कस म्हणतात. पातेरोस नावाच्या लहानशा गावाने बदके पाळून हा धंदा नावारूपाला आणला, रात्री बालुतवाला लांबट हाक देत गल्लीतून जातो, दिवसभर राबलेला माणूस त्याच्याजवळ उभ्या उभ्या मीठ लावून एक अंडे खातो आणि घरी जातो, हे सारे त्या टाळ्यांत बुडून जाते. फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचणाऱ्यांना मी याहून अधिक ताण देत नाही. मी स्वतः बालुत खाल्लेले नाही. तेव्हा त्याच्या चवीविषयी मत देण्याचा मला अधिकारही नाही.

मला बोलायचे आहे ते 'तुरो-तुरो'विषयी. माझा पुतण्या मनिलाच्या मकाती भागात एका कचेरीत नोकरीला आहे. मेच्या सुट्टीत तीन आठवडे मी त्याच्याकडे होतो. "काका, बाहेरचे काही खाऊ नका हं," असे सूनबाई रोज बजावीत आणि ती दोघे कामावर गेली की मी बाहेर पडे. कोकणात वाढलेल्या माणसाला भात, मासळी आणि आंबट या तीन गोष्टी मिळाल्या की परदेश फारसा परका राहत नाही.

'तुरो' म्हणजे बोट दाखवणे. रस्त्याकडेला पत्र्याचे छप्पर, एक लांब बाक, समोर काचेचे कपाट किंवा झाकणे घातलेल्या पातेल्यांची ओळ. ही 'कारिंदेरिया', आपण खानावळ म्हणू. येथे पदार्थांची छापील यादी नसते. झाकण उचलायचे, आत पाहायचे, वास घ्यायचा आणि बोट दाखवायचे. शिर्का, सोया, लसूण नि मिरी यांत शिजवलेले अदोबो, कारली-वांगी-भेंडीचे पिनाकबेत, तळलेली मासळी. शुक्रवारी हटकून मूग. कारण तो देश कॅथलिक आणि शुक्रवार मांस टाळण्याचा. त्या मुगात शेवग्याचा पाला घालतात. पुष्कळ ठिकाणी सुकटही टाकतात, तेव्हा शाकाहारी वाचकांनी घाई करू नये. मी गेलो त्या ठिकाणी भाजी चाळीस-पन्नास पेसोंना, मांसाची वाटी सत्तर-ऐंशीला, भाताची मूद पंधराला होती. पेसो साधारण दीड रुपयाचा. मनिलातील बिगरशेती कामगाराचे किमान वेतन जुलै २०२५ मध्ये दिवसाला ६९५ पेसो ठरले होते. त्या मापाने हे दर वाचावेत. ज्याला पूर्ण वाटी परवडत नाही तो अर्धी मागतो. अर्धी मागताना कोणी खाली मान घालीत नाही आणि देणारीही तोंड वाकडे करीत नाही. सोबत वाटीभर गरम रस्सा, 'साबाव', बहुधा फुकट मिळतो. नुसता भात आणि तो रस्सा एवढ्यावर जेवण उरकणारी माणसे मी पाहिली. ताटलीवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली असते; जेवण झाले की पिशवी काढून टाकायची, म्हणजे ताटली धुण्याचे पाणी वाचते. या पिशव्या कोठे जातात, ते मनिलाच्या खाड्या पाहिल्यावर समजते. ही व्यवस्था मला मुळीच आवडली नाही.

तरीही मोठ्या उपाहारगृहापेक्षा तुरो-तुरोला मी वरचे स्थान देतो, ते स्वस्ताईसाठी नव्हे. उपाहारगृहात आपण शब्द वाचून पदार्थ मागवतो. म्हणजे मलपृष्ठावरचा मजकूर वाचून कादंबरी विकत घेण्यासारखेच ते. येथे पदार्थ स्वतः समोर उभा राहतो. तेल सुटले आहे की नाही, मासळी ताजी की कालची, वांगे शिजून त्याचा लगदा झाला आहे का, हे विकणारीला लपवता येत नाही. खाणाऱ्याला निवाडा करण्याचा हक्क आधी मिळतो, बिल नंतर.

तो हक्क ताटावरही चालू राहतो. प्रत्येक बाकावर शिर्का, सोया, मासळीच्या खारवणाची बाटली, मिरच्या आणि 'कलामान्सी' नावाची गोटीएवढी लिंबे मांडलेली असतात. यांतून जो तो आपापले कालवण कालवतो. त्याला 'सावसावान' म्हणतात. फिलिपिनो अन्नाविषयी ज्यांनी अव्वल दर्जाचे लिहिले त्या डोरीन फर्नांडेझ (१९३४ ते २००२) यांनी या गोष्टीवर नेमके बोट ठेवले आहे. या कालवणामुळे स्वयंपाक खाणाऱ्याच्या हाती पुरा होतो, असे त्यांचे म्हणणे. त्या मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात अध्यापन करीत आणि वृत्तपत्रांत खाण्यावर सदर लिहीत. 'साराप' (१९८८, एडिल्बेर्तो आलेग्रे यांच्यासह) आणि 'तिकिम' (१९९४) ही त्यांची पुस्तके. एखाद्या कवितेकडे पाहावे तसे त्यांनी खानावळीच्या पातेल्याकडे पाहिले. माझी तक्रार एवढीच की त्यांच्या लिखाणात माया फार आणि परखडपणा कमी. आपल्या माणसांच्या पोटाला आजवर कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी हात आखडता घेतला असावा. मला ते बंधन नाही.

म्हणून सांगतो की मनिलाच्या रस्त्यावर गोडाने कहर केला आहे. डुकराचे मांस साखरेत मुरवतात, सॉसेज गोड, शेवयांसारख्या स्पॅगेटीवर ओतलेला रस्सादेखील गोड. या गोडाच्या मुळाशी एक थोर बाई आहे, हे कळले तेव्हा मला जरा अवघडल्यासारखे झाले. मारिया ओरोसा (१८९३ ते १९४५) या अन्नशास्त्रज्ञ. अमेरिकेत शिकून त्या परत आल्या आणि परदेशी डब्यांवर अवलंबून राहू नये म्हणून देशी फळांचा, कडधान्यांचा ध्यास घेतला. टोमॅटोऐवजी केळ्याचे केचप ही कल्पना त्यांची. त्यांनी केलेली सोयाबीनची पौष्टिक पूड युद्धकाळात जपान्यांच्या छावण्यांतील कैद्यांपर्यंत चोरून पोहोचवली जाई. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत तोफगोळ्याचे तुकडे लागून त्या गेल्या. त्यांच्या केचपाविषयी माझ्या मनात आदर आहे. पण आज गल्लोगल्ली त्याच चवीचा जो चिकट लाल थर पसरला आहे त्याविषयी नाही.

दुसरी तक्रार आंबटाची, आणि ती मला अधिक लागली. 'सिनिगांग' हे मांसाचे किंवा मासळीचे आंबट सार. मुळा नि पालेभाजी घालून केलेले. हिरव्या चिंचा उकडून, पिळून त्यांचे पाणी घालतात. कोठे पेरू, कोठे बिंबले. फिलिपिनो जिभेचा खरा प्रतिनिधी अदोबो नव्हे, सिनिगांगच, असा फर्नांडेझबाईंचा पक्ष होता आणि चांगले सिनिगांग प्यायल्यावर तो मला पटला. चांगले मात्र मला दोनदाच मिळाले. एरवी पुडीतली आंबट पूड. मनिलात साम्पालोक नावाचा एक भाग आहे. साम्पालोक म्हणजे चिंच. त्या चिंचेच्या नावाच्या वस्तीत मी पुडीचे सिनिगांग प्यालो! पुडीचा आंबटपणा सकाळ-संध्याकाळ, सोमवार-गुरुवार सारखाच लागतो. त्याला ऋतू नाही. अर्थात भल्या पहाटे उठून पन्नास माणसांचे रांधणाऱ्या बाईने चिंचा पिळत बसावे, असे म्हणणे मला सोपे आहे.

सायंकाळी निखाऱ्यांवर काड्या चढतात. कोंबडीचे आतडे 'इसाव', पाय, डोकी, गोठवलेले रक्त. विद्यापीठाची मुले, रिक्षावाले, कारकून एकाच धुरात उभे राहून खातात. त्या काड्यांना लोकांनी ठेवलेली नावे हा एक वाङ्मयप्रकारच मानावा लागेल. कोंबडीच्या पायाला 'आदिदास', डोक्याला 'हेल्मेट', डुकराच्या कानाला 'वॉकमन' आणि रक्ताच्या चौकोनी वडीला 'बेटामॅक्स', कारण ती त्या चित्रफितीच्या डबीसारखी दिसते. जी चीज दुकानाच्या काचेआड पाहून पुढे जायचे, तिचे नाव फेकून दिल्या जाणाऱ्या मांसाला देऊन ती खाऊन टाकायची. खऱ्या बेटामॅक्सच्या फिती सोनी कंपनीने २०१६ साली कायमच्या बंद केल्या. निखाऱ्यावरचे बेटामॅक्स मात्र चालूच आहे. आपल्याकडेही वजडी आहे, रक्ती आहे, पाया आहे. पण या पदार्थांना मराठी पुस्तकात मानाने बसायला शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' निघेपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत थांबावे लागले. चवीचे म्हणाल तर इसाव निखाऱ्यावरून थेट तिखट शिर्क्यात बुडवले तर उत्तम. पाच मिनिटांनी रबर. माशांच्या पिठाळ गोळ्या, ज्यांच्या गाड्या पावलोपावली दिसतात, त्यांत मासा शोधावा लागतो. सकाळी खांद्यावर कावड घेऊन 'ताहोऽऽ' म्हणून ओरडत येणारा मात्र चुकवू नये. सोयाबीनच्या दुधाचे ऊन ऊन, खरवसासारखे मऊ दही, त्यावर काकवीसारखा पाक आणि साबुदाणा. मनिलाच्या गोडांपैकी एवढे एकच मला गोड लागले.

या सगळ्यात ज्याला काहीच शोभा नाही असा पदार्थ म्हणजे 'लुगाव'. ती आपली पेज. आले, वर तळलेली लसूण नि पातीचा कांदा, ऐपत असेल तर अंडे. आजाऱ्याला लुगाव, रात्रपाळीवाल्याला लुगाव. करोनाच्या टाळेबंदीत, २०२१ च्या मार्चअखेरीस, मनिलालगतच्या बुलाकान प्रांतात लुगाव पोहोचवायला निघालेल्या एका पोऱ्याला स्थानिक अंमलदारांनी अडवले. लुगाव ही काही जीवनावश्यक वस्तू नव्हे, तिच्यावाचून माणूस जगू शकतो, असा युक्तिवाद झाला. तो चित्रफितीतून देशभर गेला आणि लोक असे खवळले की लुगाव जीवनावश्यकच आहे असे राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्याला जाहीर करावे लागले. त्या अंमलदारांना कायदा ठाऊक असेल. भूक लागल्यावर माणूस प्रथम काय मागतो, हे ठाऊक नव्हते. मी मकातीत मध्यरात्री लुगाव खाल्ले. त्यात पाणी जास्त होते. तशी तक्रार आजूबाजूला कोणी करीत नव्हते, आणि जो तो आपल्यापुरता शिर्का घालून ती उणीव भरून काढीत होता.

२०२५ च्या ऑक्टोबरात मिशेलिनच्या सुप्रसिद्ध मार्गदर्शिकेने मनिलाची पहिली निवड जाहीर केली. स्वस्तातल्या चांगल्या जेवणाची वेगळी यादीही ते करतात. करोत बापडे. पण ज्या खानावळीत बेत त्या सकाळच्या बाजारभावावर ठरतो आणि दुपारी दोनला पातेली रिकामी होतात, तिला चांदणी द्यायची तर कोणत्या दिवसाबद्दल द्यायची?

आता आपला एक धागा. १७६२ साली इंग्रजांनी मनिला जिंकली तेव्हा त्यांच्याबरोबर मद्रासचे शिपाई होते. दोन वर्षांनी इंग्रज परत गेले. काही शिपाई काइन्ता गावी राहिले आणि तेथेच संसार केले. कारिंदेरिया हा शब्दच 'कारी', म्हणजे आपल्या मद्रासी कढीपासून आला असे सांगतात. शब्दाची गोष्ट खरी असो वा नसो, आजचे नाते उघड आहे. त्या देशात भारतीय माणसाला 'बुम्बाय' म्हणतात. आपल्या मुंबईवरून! मोठ्या कांद्यालाही 'सिबुयास बुम्बाय' म्हणतात. २०२२ च्या डिसेंबरात कांदा किलोला सातशे पेसोंवर गेला तेव्हा कित्येक पातेल्यांतून तो नाहीसा झाला होता. आणि बुम्बाय म्हणजे सावकार. मोटारसायकलवरून फिरणारे हे बहुतेक पंजाबी. पाच घ्यायचे, सहा फेडायचे, रोज थोडे थोडे. व्यवहाराचे नावच 'पाच-सहा'. २०१७ साली तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी, दुतेर्ते यांनी, यांच्यावर बडगा उगारला. परंतु खानावळवालीला तारणाशिवाय, कागदाशिवाय, पहाटेच्या बाजाराआधी भांडवल देईल अशी पेढी कोठे आहे? अर्धी वाटी देणारीच्या पातेल्यात या कर्जाचा वाटा असतो, आणि व्याज त्या अर्ध्या वाटीतूनच निघते.

माझ्या नेहमीच्या खानावळीत गिऱ्हाइके मालकिणीला 'आते' म्हणत. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला हा शब्द आहे. मी पहिल्यांदा बाकावर बसलो तेव्हा माझा चेहरा पाहून तिने आधी पेशांच्या डब्याकडे हात नेला आणि तिच्या भाषेत काही बोलली. शेजारचा तरुण इंग्रजीत म्हणाला, "कालचा हप्ता दिला आहे म्हणते." मी सावकार नाही, शाळामास्तर आहे, मुंबईच्या खालच्या अंगाच्या एका खेड्यातला, हे त्याने तिला समजावले. तिने डबा सरकवून ठेवला, मुगाच्या पातेल्याचे झाकण उचलले आणि तुमच्या गावी भात खातात का, असे विचारवले. खातात, म्हटले. तिने ताटलीत दुसरी मूद पालथी केली. तिचे पंधरा पेसो तिने हिशेबात धरले, आणि बरोबरच धरले.