क्रियापद नसलेली दोन सूत्रं

ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला डॉ. रंगनाथन यांची पाच सूत्रं पाठ असतात. मलाही होती. परीक्षेत लिहिली, गुण मिळाले आणि ग्रंथपालाच्या खुर्चीत बसल्यावर विसरून गेलो. ती सूत्रं ज्यात पहिल्यांदा सविस्तर मांडली गेली ते १९३१ सालचं इंग्रजी पुस्तक मी प्रत्यक्ष वाचलं, तोवर नोकरीला तेरा वर्षं झाली होती. रोज शेकडो पुस्तकं हाताळणाऱ्या माणसाने आपल्याच विषयातला हा मूळ ग्रंथ वाचलेला नव्हता, याची खंत मला अजून आहे. पण उशिरा वाचल्यामुळेच कदाचित तो नीट समजला.

रंगनाथन मूळचे गणिताचे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते शिकवत होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, पण त्या एकान्तात त्यांना करमेना. परत वर्गावर जायची त्यांना ओढ होती. मग प्रशिक्षणासाठी लंडनला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली आणि ग्रंथालयाचेच झाले. पसारा दिसला की त्याच्या मुळाशी असलेली मोजकी तत्त्वं शोधायची, ही गणितज्ञाची सवय मात्र सुटली नाही. १९२८ मध्ये ही तत्त्वं मनात घोळत असताना पहिलं सूत्र त्यांना गवसलं, ते आपले गणिताचे जुने गुरू एडवर्ड रॉस यांच्याशी बोलता बोलता. बाकीची मग भराभर सुचली.

पुस्तकं वापरासाठी असतात, हा पहिल्या सूत्राचा आशय. एवढ्या उघड गोष्टीला अख्खं प्रकरण कशाला, असं वाटतं. पण रंगनाथन थेट साखळ्यांची आठवण काढतात. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत पुस्तकं खरोखर साखळीने फळीला बांधलेली असत. ती लोखंडी साखळी गेल्यावरही कोणत्या साखळ्या उरतात, ते मग ते दाखवत जातात: गावाबाहेरची जागा, गैरसोयीची वेळ, हात न पोहोचणारी उंच कपाटं, वाचकाकडे मान वर करून न पाहणारा सेवक. हे वाचताना माझा हात खिशाकडे गेला. आमच्या काचेच्या कपाटांच्या किल्ल्या तेव्हा माझ्या खिशात असत. वाचकाने काचेतून नाव वाचायचं, चिठ्ठीवर लिहायचं, मी काढून द्यायचं. पुस्तकं सुरक्षित होती, आणि मला त्याचा अभिमान होता.

खरी गंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्रात आहे. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दोन्हींत क्रियापद नाही. मिळतं, मिळावं, मिळालंच पाहिजे, यांतलं काहीच म्हटलेलं नाही. ती मोकळी जागा कोणी भरायची? मला वाटतं, तिथेच ग्रंथपाल उभा आहे. आरशातल्या प्रतिमेसारखी ही सूत्रं एकमेकांसमोर ठेवली आहेत आणि दोन्हींचा सगळा भार ‘प्रत्येक’ या शब्दावर आहे.

दुसऱ्या सूत्राला रंगनाथन एक नाही, तीन प्रकरणं देतात. हे सूत्र त्यांच्याकडे चालतं-बोलतं पात्र होतं. आधी त्याचा झगडा येतो. पुस्तक श्रीमंताचं तसं गरिबाचं, पुरुषाचं तसं बाईचं, शहराचं तसं खेड्याचं, जमिनीवर राहणाऱ्याचं तसं समुद्रावरच्या खलाशाचं, मोठ्यांचं तसं मुलांचं. अंध, आजारी आणि तुरुंगातली माणसंही त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. पुढच्या प्रकरणात हेच सूत्र देशोदेशी संचार करतं आणि त्या प्रकरणाच्या इंग्रजी शीर्षकात रंगनाथन आपला ‘दिग्विजय’ हा शब्द जसाच्या तसा वापरतात. राजाच्या स्वारीसाठीचा हा शब्द त्यांनी वाचनाच्या हक्काला दिला. या एका शब्दासाठी मी ते पान पुन्हा पुन्हा उघडतो.

तिसरं सूत्र त्याहून शांत आहे. त्यात पुस्तक वाट पाहतं. मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः फळीपर्यंत जाणं, रंगनाथनांना हवी आहे ती याचसाठी. जे मागायचं माहीतच नाही, त्याची चिठ्ठी कोण लिहिणार? कपाटांची कुलपं काढल्यावर मी एकदा फळ्यांसमोरून चालत गेलो आणि विहिरी व भूजलावरचं एक जाडजूड पुस्तक काढलं. मागच्या तारखेच्या पट्टीवर एकही शिक्का नव्हता. दाखलनोंदवहीत पाहिलं, तर एकोणीस वर्षांपूर्वी आलेलं. ते मी माझ्याच नावावर घरी नेलं. खडकातल्या भेगा, पाझर, भूगर्भातली पाण्याची पातळी यांतलं मला काही कळत नव्हतं. पहिली चाळीस पानं दोनदा वाचावी लागली. महिनाभराने आमच्या परसातल्या विहिरीत डोकावताना मला पाण्याच्या वर दगडांचे थर दिसले. लहानपणापासून पाहिलेल्या त्या विहिरीचे थर मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला होता आणि तो पन्नाशीचा होता.

चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं. पाचांत तेवढंच आज्ञार्थी आहे. त्याचा विस्तार कार्डं, तालिका, देवघेवीची पद्धत असा कामकाजाकडे जातो आणि तो ज्याने त्याने मूळ ग्रंथात वाचावा.

पाचवं सूत्र ग्रंथालयाला वाढता जीव म्हणतं. परीक्षेत आम्ही याचं उत्तर लिहायचो: ग्रंथसंख्या वाढते, सभासद वाढतात, जागा वाढवावी. पण जिवाची वाढ नेहमी आकाराची नसते. मूल उंचीने वाढतं; मोठ्या माणसाची उंची थांबते, तरी त्याच्या आत जुनं जातं आणि नवं येतं. जुनी पुस्तकं रद्द करताना माझा हात थरथरायचा, तो या विचारानंतर स्थिर झाला. माझ्या स्वतःच्या वाचनाकडेही मी तसंच पाहू लागलो. वाचून झालेल्या पुस्तकांची यादी मी तेव्हापासून ठेवत नाही.

रंगनाथनांनीही आपलं पुस्तक पूर्ण झालं असं मानलं नाही. पासष्टाव्या वर्षी, १९५७ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी एक नवं प्रकरण जोडलं आणि त्याच्या नावात पुन्हा तो शब्द ठेवला, दिग्विजय. आमच्या प्रतीत त्या प्रकरणाची पानं अजून करकरीत आहेत. पाहिलं तर मागच्या पट्टीवरचे सगळे शिक्के माझ्याच नावाचे. ती प्रत मी आता काचेतून काढून दारासमोरच्या फळीवर ठेवली आहे, हाताला लागेल अशा उंचीवर.