आजीची खोली : किशोरांच्या भयकथेविषयी एक टिपण

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीपाशी. अशा आठवी-नववीच्या मुलांना मी अधूनमधून गोष्टी वाचून दाखवतो. त्यांची मागणी ठरलेली : भुताची सांगा. ती पुरवताना पडलेल्या पेचातून हे टिपण लिहिले आहे.

स्टीफन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ या १९८४ च्या कथेत थोरल्या भावाला अपघात होतो, आई दवाखान्यात धावते आणि घरात उरतात धाकटा मुलगा व अंथरुणाला खिळलेली आजी. हे बीज नारायण धारपांनी ‘आजी’ या कथेतून मराठीत आणले. पुढे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाच्या पहिल्या भागात ते पुन्हा उगवले.

किंग यांच्या कथेत बराच वेळ काहीच घडत नाही. आजी जागी झाली तर तिला चहा नेऊन द्यायचा, एवढेच मुलाचे काम. पण त्यासाठी त्या खोलीत जावे लागणार! सारी उत्कंठा या ‘लागणार’मध्ये आहे. घर राखण्याइतका मोठा, पण अंधाराला न भिण्याइतका मोठा नाही, असा तो मुलगा आहे. किशोरवय म्हणजे दुसरे काय?

धारपांच्या समर्थकथांमध्ये अरिष्टाशी झुंजायला समर्थांसारखा जाणता पुरुष असतो. वाचक त्याच्या आधाराने निर्धास्त होतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संकट स्वतः निस्तरतो, पण त्याची गाठ बहुधा हाडामांसाच्या बदमाशांशी असते. मूल एकटे आणि समोर अमानुष काही, ही जुळणी आपल्या किशोरसाहित्यात विरळाच. म्हणून ही गोष्ट मी मुलांना आपल्याकडच्या वळणाने सांगितली. चहाऐवजी पाण्याचा तांब्या केला. खोलीत चिडीचूप शांतता होती. मी खूश झालो.

पुढच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीने स्वतःची गोष्ट लिहून आणली. रात्री आजीला पाणी द्यायला उठण्याचे वर्णन उत्तम होते. पण आजीला ‘लागलेले’ करणारी म्हातारी तिच्याच गल्लीतली होती, नावासकट. मी चरकलो.

मराठवाड्यात भानामती हा केवळ गोष्टीतला शब्द नाही. तिच्या संशयावरून माणसांना, विशेषतः एकट्या बायकांना, छळ सोसावा लागला आहे. एखादी व्यक्ती करणी करते असे सांगून तिला त्रास देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. किंगच्या कथेतली आजी खरोखरच चेटकीण असते. अमेरिकेत सेलमच्या चेटूक-खटल्यांना, १६९२ पासून, तीन शतके उलटली. तिथे ती कल्पना आता खेळ म्हणून वाचता येते. आपल्याकडे ते अंतर अजून पडलेले नाही. बीज आणताना माती तपासली नाही, हा दोष त्या मुलीचा नव्हे, माझा.

या दृष्टीने ‘तुंबाड’मधला बदल मला महत्त्वाचा वाटतो. तिथली साखळदंडातली म्हातारी भयंकर आहेच. पण तिची ती दशा खजिन्याच्या हावेने केली आहे, आणि मोठा होऊन विनायक परततो तोही त्याच हावेपायी. भीती तसूभर कमी होत नाही, फक्त म्हातारीवरून हावेकडे सरकते. जादूटोण्याच्या धास्तीने भयकथाच टाळा, असे म्हणणाऱ्यांनी हे पाहावे. किशोरांना भय हवेच असते. लिहिणाऱ्याने ते कोणाच्या दारात नेऊन ठेवायचे, हा प्रश्न आहे.

मी त्या मुलीला एवढेच सुचवले : गल्लीतली म्हातारी काढ, पाण्याचा तांब्या ठेव. तिने गोष्ट पुन्हा लिहिली. आता त्यात करणी नाही. मध्यरात्री बाज करकरते, मुलगी तांब्या घेऊन उंबऱ्यापाशी येते, आणि आतून आजी तिला तिच्या आईच्या नावाने हाक मारते. आई तर कारखान्यावर. मुलगी ‘ओ’ द्यावी की नाही या विचारात उभी राहते. गोष्ट तिथेच संपते.

ती वाचली त्या रात्री मी ओसरीवरचा दिवा मालवला नाही.