उत्तराविना सांत्वन

पॉल कलानिथी हे अमेरिकेतील मेंदूचे शल्यविशारद. धूम्रपानाचे व्यसन नसताना २०१३ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. २०१५ साली ते निवर्तले. ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’ हे त्यांचे अपूर्ण आत्मकथन २०१६ साली प्रसिद्ध झाले. अखेरची हकिकत पत्नीने लिहिली आहे.

गोळ्यांनी गाठी आकसतात, डॉक्टर पुन्हा शस्त्रक्रियागृहात उभे राहतात. पुढे रोग उलटतो आणि केमोथेरपीने देह खचतो. ‘किती काळ उरला?’ या प्रश्नावर त्यांच्या डॉक्टरबाई आकडा सांगत नाहीत. आपणांस मोलाचे काय, ते शोधा, असे सुचवितात. पुस्तकाचे मर्म येथे आहे.

ख्रिस्ती घरात वाढलेला, मध्यंतरी दुरावलेला हा लेखक त्याग, तारण व क्षमा या मूल्यांकडे परततो. हा भाग फार त्रोटक आहे, ही उणीवच. तरीही स्वस्त सांत्वनापेक्षा ही त्रोटकता बरी. रुग्णाच्या उशाशी ‘देवाची इच्छा’ म्हणून आपण चटकन उठतो. ईयोबाचे मित्र सात दिवस निःशब्द बसले, तोवरच खरे मित्र होते. बोलू लागले आणि चुकले. आजाऱ्याच्या भेटीस निघण्यापूर्वी हे पुस्तक अवश्य वाचावे.