बेल्जियमचा पेपर अर्धापुरात वाचताना

फार्मासिस्ट आणि फुफ्फुसाचे जुनाट आजार या विषयावर सिनॉप्सिस लिहिणार असाल, तर ‘फार्माकॉप’ ही बेल्जियममधली चाचणी नक्की वाचा. टोमेलिन आणि सहकाऱ्यांनी ती २०१४ साली प्रसिद्ध केली. त्यात १७० औषध दुकानं आणि सीओपीडीचे ७३४ रुग्ण होते. फार्मासिस्टनं रुग्णाला सुरुवातीला आणि महिन्याभरानं, असं दोनदा नीट समजावून सांगायचं, एवढाच उपाय. तीन महिन्यांनी रुग्णांचं इन्हेलर वापरण्याचं तंत्र सुधारलं, औषधं घेण्यातला नियमितपणाही वाढला.

इथपर्यंत वाचून लगेच टाळ्या वाजवू नका. धाप आणि एकूण तब्येत यांत दोन गटांत ठळक फरक दिसला नाही. दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी झालं, पण तो दुय्यम निष्कर्ष होता. ‘पंप नीट ओढता येतो’ आणि ‘दम कमी लागतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये त्या एक करू नका.

माझा खरा आक्षेप मात्र ही पद्धत जशीच्या तशी उचलण्याला आहे. चाचणीत येण्यासाठी वय किमान ५० आणि धूम्रपान किमान १० ‘पॅक-इयर’ हवं होतं, म्हणजे रोज एक पाकीट असं दहा वर्षं. हीच अट अर्धापूरच्या मेडिकलवर लावून बघा. आयुष्यभर चुलीपुढं बसलेली, पण कधी बिडीला हात न लावलेली बाई पहिल्याच चाळणीत बाहेर! पुण्याचे संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं होतं, की जगात सुमारे ३०० कोटी लोक चुलीसारख्या धुरात राहतात आणि तंबाखू ओढणारे सुमारे १०१ कोटी आहेत.

मग करायचं काय? चुलीपुढचे रोजचे तास गुणिले वर्षं, हे माप प्रवेशाच्या अटीत घ्या. निदान स्पायरोमेट्रीनं पक्कं करा, कारण आपल्याकडं प्रत्येक धापेला ‘दमा’च म्हणतात. आणि तुलनेच्या गटाला नेमकं काय मिळतं ते लिहा. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाला समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम म्हटलंय. काउंटरवर ते होतं का, हे आधी मोजा. ते न मोजता ‘नेहमीची सेवा’ असं लिहिलंत, तर तुमची तुलना कशाशी झाली हे कुणालाच कळणार नाही.